लेसर कॅथेटर ॲब्लेशन : डागाचा आकार नेमका कशाने ठरतो?

तरंगलांबी

ॲब्लेशन म्हणजे शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, कॅथेटरने, ऊतीवर डाग देऊन तेवढा भाग निकामी करणं. लेसर ॲब्लेशनवरचं बोलणं बहुतेक वेळा ‘किती वॅट, किती सेकंद’ एवढ्यावर येऊन थांबतं. वॅट आणि सेकंद आपण यंत्राला सांगतो. डाग किती खोल आणि किती रुंद पडणार हे मात्र समोरच्या स्नायूत ठरतं, आणि पडद्यावरचा आकडा तिथे पोचेपर्यंत वाटेत त्यातलं बरंच काही गळालेलं किंवा भलतीकडे वळलेलं असतं. या धाग्यात मला तेच मांडायचं आहे. ऊतींमध्ये प्रकाश आणि उष्णता कशी पसरते याची संगणकी प्रारूपं करणं हे माझं काम. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हे उपचार होतात त्या खोलीत, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि या उपचारातून गेलेल्यांनी जरूर लिहावं.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, पुढे एएफ म्हणते, हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदं, नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही थरथर सुरू करणारे अवेळी ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधून निघतात. तेव्हापासून उपचाराचा गाभा ठरला : या शिरा डाव्या अलिंदाला जिथे मिळतात तिथे त्यांच्याभोवती डागांचं अखंड वर्तुळ काढायचं, म्हणजे शिरेतला विद्युत संदेश अलिंदात उतरत नाही.

आता मिलिमीटरांकडे या. अलिंदाची भिंत साधारण २-३ मिलिमीटर जाड. काही ठिकाणी जेमतेम १, तर काही ठिकाणी ४ किंवा थोडी जास्त. डाग भिंतीच्या आरपार जायला हवा, नाहीतर खालचा जिवंत राहिलेला पदर संदेश नेतच राहतो. आणि पलीकडे फार जाता कामा नये, कारण मागच्या भिंतीला अन्ननलिका टेकलेली असते आणि उजव्या वरच्या शिरेजवळून श्वासपटलाची नस जाते. कमी पडलं तर आजार परत येतो आणि जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. मधली जागा अगदी थोडी आहे.

रेडिओफ्रिक्वेन्सी या दुसऱ्या पद्धतीत कॅथेटरच्या टोकाजवळचा १-२ मिलिमीटरचा थर विजेच्या प्रवाहाने थेट तापतो. त्याखाली जे काही तापतं ते वहनाने, हळूहळू. लेसरमध्ये प्रकाशच आत शिरतो, आत विखुरतो आणि शोषला जातो. म्हणजे उष्णतेचा उगम एका पृष्ठभागावर नसून खोलीभर पसरलेला असतो. यामुळे भिंतीच्या जाडीत जास्त सारखं तापवता येतं. मात्र एक मोठी सोय हातची जाते. रेडिओफ्रिक्वेन्सीत ऊती तापली की विद्युत अवरोध घटतो, आणि किती घटला यावरून डागाचा अंदाज बांधता येतो. लेसर देताना ऊतीतून तसा प्रवाहच जात नाही. त्यामुळे तो आकडा मिळत नाही, आणि दुसरं काहीतरी वाचावं लागतं.

तुम्ही काय वाचता?


साधाप्रश्न

धागा आवडला. माझ्या वडिलांचं एएफसाठी ॲब्लेशन व्हायचं आहे, म्हणून वाचायला लागलो. प्रश्न कदाचित बाळबोध असेल. कमी डागलं तर आजार परत येतो म्हणता, तर डॉक्टर सगळीकडे थोडं जास्तच का डागत नाहीत?


तरंगलांबी

@साधाप्रश्न, बाळबोध अजिबात नाही, सगळं नियंत्रण याच प्रश्नासाठी चालतं. भिंत सगळीकडे सारखी नाही आणि भिंतीमागे काय आहे तेही सारखं नाही. शिरेच्या पुढच्या बाजूला, डाव्या शिरा आणि अलिंदाची कर्णिका (अलिंदाला जोडलेली छोटी पिशवी) यांच्यामध्ये जो उंचवटा असतो, तिथे स्नायू जाड असतो. तिथला जोर मागच्या भिंतीवर वापरला तर उष्णता सरळ अन्ननलिकेत उतरेल. अन्ननलिका आणि अलिंद यांच्यात भोक पडणं फार दुर्मीळ आहे, हजारात एखाद-दोन किंवा त्याहूनही कमी, पण झालं तर त्यातून वाचणं कठीण असतं. म्हणून ‘सगळीकडे थोडं जास्त’ हा मार्ग बंद आहे. जागा बघून मात्रा बदलावी लागते.


कॅथलॅबकर

लेसर बलूनच्या केसेसना मी तंत्रज्ञ म्हणून असतो, त्यामुळे आतलं चित्र सांगतो.

फुगा लवचिक असतो, शिरेच्या तोंडाशी बसवून फुगवतात. आत एक बारीक एंडोस्कोप असतो, त्यातून शिरेचं तोंड प्रत्यक्ष दिसतं. फुगा भिंतीला टेकलेला भाग फिकट गुलाबी-पांढरा दिसतो, रक्त अडकलेलं असेल तिथे लाल. लेसरचा पट्टा ३० अंशांच्या कमानीएवढा असतो, तो फिरवत फिरवत वर्तुळ पुरं करायचं. जुन्या पद्धतीत मात्रेच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत : ५.५ वॅट ३० सेकंद, नाहीतर ७, ८.५, १० किंवा १२ वॅट २० सेकंद. शेजारच्या दोन डागांनी एकमेकांवर ३० ते ५० टक्के चढायला हवं. हिशेब केलात तर एका शिरेभोवती सतरा ते चोवीस डाग होतात. नवीन पिढीत मोटर आहे, ती १३ ते १५ वॅटवर पट्टा सलग फिरवत नेते. त्यात कडेला कडा जुळवायची कटकट राहत नाही आणि वेळही खूप वाचतो.

आम्ही काय वाचतो? पहिलं म्हणजे रक्त. पट्ट्याच्या वाटेत लाल दिसलं की डॉक्टर मात्रा खाली आणतात किंवा फुगा हलवून पुन्हा बसवतात. दुसरं अन्ननलिकेतल्या तापमापकाचा आकडा. ३८.५ अंश सेल्सियस झाले की लेसर बंद. तिसरं, उजव्या शिरांवर काम चालू असताना श्वासपटलाची नस वरून पेस करत, म्हणजे विजेच्या हलक्या ठोक्यांनी चेतवत राहतात आणि एकाचा हात रुग्णाच्या पोटावर असतो. श्वासपटलाचा धक्का मंद वाटला की तो लगेच ओरडून सांगतो. इतक्या यंत्रांच्या गर्दीत तो हात फार मोलाचा आहे.


साधाप्रश्न

रक्त मधे असलं तर काय होतं? ते वाहून जाणार ना?


काचतंतू

रक्ताबद्दल मी सांगतो, माझा विषय प्रकाशशास्त्र आहे.

बलूनमधला लेसर ९८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. या पट्ट्यात हृदयाच्या स्नायूत शोषण कमी आणि विखुरणं खूप जास्त. म्हणून प्रकाश काही मिलिमीटर आत जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र हाच प्रकाश स्नायूपेक्षा बरंच जास्त शोषतं. फुगा आणि भिंत यांच्यामध्ये रक्ताचा पातळ थर अडकला असेल तर तो वाहून जात नाही, अडकलेला असतो म्हणूनच तर दिसतो. तो तापतो, गोठतो, आणखी तापला तर काळा पडतो. काळा पदार्थ जवळजवळ सगळा प्रकाश पिऊन टाकतो. मग खाली स्नायूला काही मिळत नाही आणि वर तापमान भडकत जातं. एकाच वेळी दोन्हीकडून नुकसान : डाग उथळ राहतो, आणि गुठळी होण्याचा किंवा फुग्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो.

फुग्यात भरलेलं द्रवही विचारपूर्वक निवडलेलं आहे. साधं पाणी ९८० नॅनोमीटरला बऱ्यापैकी शोषतं, तिथे त्याच्या शोषणाचा एक उंचवटाच आहे. म्हणून फुग्यात जड पाणी फिरवतात. ते या तरंगलांबीला जवळजवळ पारदर्शक असतं, त्यामुळे ऊर्जा फुग्यातच खर्च होत नाही, शिवाय पृष्ठभाग थंड राहतो.

आता आकाराबद्दल. विखुरणं जास्त असलेल्या माध्यमात प्रकाशाचा बारीक झोत आत शिरला की तो लगेच कडेला फुटतो. धुक्यात गाडीचा दिवा लावल्यावर झोत न राहता नुसता उजेडाचा गोळा होतो, तसं. झोत रुंद असेल तर कडेला गेलेल्या प्रकाशाची भरपाई शेजारून होते आणि मधला भाग जास्त खोलवर उजळतो. म्हणून दर चौरस मिलिमीटरला तेवढेच वॅट ठेवून झोत रुंद केला तर डाग नुसता रुंद होत नाही, खोलही होतो. एका मर्यादेपर्यंत, अर्थात. एकूण वॅट तेच ठेवून झोत रुंद केलात तर गणित उलटतं, कारण दर चौरस मिलिमीटरचा वाटा घसरतो.

तरंगलांबी बदलली तर सगळंच बदलतं. आर्गन लेसरचा हिरवा-निळा प्रकाश हिमोग्लोबिन खातं, तो फार खोल जात नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश पाणी इतक्या झपाट्याने शोषतं की तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतच संपतो. तो कापायला चांगला, खोलवर शिजवायला निरुपयोगी. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सर्वांत खोल जाणाऱ्यांपैकी. खोली किती हवी याचा पहिला निर्णय तरंगलांबी निवडताना होऊन गेलेला असतो. ऑपरेटर ज्या बटणाशी खेळतो ते त्यानंतरचं.


हिशेबनीस

सगळं वाचलं, पण हे उगाच अवघड केलं जातंय असं वाटतं. शेवटी ऊर्जा म्हणजे वॅट गुणिले सेकंद. ५.५ वॅट ३० सेकंद म्हणजे १६५ ज्यूल. ८.५ वॅट २० सेकंद म्हणजे १७० ज्यूल. जवळपास तेच. मग दोन्हीकडे डाग सारखाच पडणार. ज्यूल मोजा, संपलं.


तरंगलांबी

@हिशेबनीस, हाच हिशेब चुकीच्या जागी नेतो असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही.

उष्णतेला ऊतीत पसरायला वेळ लागतो. स्नायूची उष्णता-विसरणक्षमता सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर धरा. अंतराचा वर्ग भागिले चारपट विसरणक्षमता, असा ढोबळ अंदाज काढला तर १ मिलिमीटरला दोनेक सेकंद, ३ मिलिमीटरला सोळाएक आणि ५ मिलिमीटरला पाऊण मिनिटाच्या आसपास. म्हणजे २० आणि ३० सेकंद यांमधला फरक नेमका त्या काळातला आहे, जेव्हा उष्णता आपल्या भिंतीच्या मागच्या कडेशी पोचत असते. जास्त वॅट थोडा वेळ दिले की ऊर्जा जिथे शोषली गेली तिथेच साठते आणि तापमान चढतं. तेच ज्यूल जास्त वेळ दिले की ती कडेला आणि खाली पसरते, वर रक्ताच्या आणि फुग्याच्या थंडाव्यात थोडी निसटतेही. शिखर-तापमान कमी, पसारा जास्त.

दुसरी गोष्ट. पेशी मरणं हे ज्यूलवर ठरत नाही. ते ठरतं किती तापमानाला किती वेळ राहिलं यावर, आणि हा संबंध सरळ रेषेत नाही. ४३ अंशांच्या वर दर एका अंशाला लागणारा वेळ साधारण निम्मा होतो. ४३ ला चार तास धरलेत तर ५० ला दोनेक मिनिटं आणि ५३ ला पंधरा सेकंदांच्या आतबाहेर. हा नियम खूप वरच्या तापमानाला ताणू नये, पण उतार किती तीव्र आहे ते कळतं. डागाची कडा म्हणजे हाच उतार. कडेवर तीन-चार अंश इकडेतिकडे झाले की पेशी जगते की मरते ते बदलतं.

प्रारूपात आम्ही आरेनियसचं समीकरण वापरतो : प्रत्येक बिंदूला, प्रत्येक क्षणी, तेव्हाच्या तापमानानुसार नुकसान जमा करत जायचं. बेरीज एक झाली की सुमारे ६३ टक्के नुकसान झालं असं धरतात. डागाची सीमा बहुतेक वेळा तिथे काढली जाते.


हिशेबनीस

मान्य. मग लेसर बंद केल्यावरही डाग वाढत असणार, कारण आत साठलेली उष्णता बाहेर पसरणारच. असं आहे का?


तरंगलांबी

हो, अगदी तसंच. आणि अन्ननलिकेच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचं. ३८.५ ला लेसर थांबवला म्हणून तापमान ३८.५ ला थांबत नाही. मधल्या थरातली उष्णता पुढे सरकत राहते आणि आकडा आणखी थोडा चढून मग उतरतो. म्हणूनच मर्यादा इतकी खाली ठेवलेली असते. तापमापक अन्ननलिकेच्या पोकळीत असतो, भिंतीत नाही. तो दाखवतो त्यापेक्षा अलिंदाकडची बाजू जास्त तापलेली असू शकते.


कॅथलॅबकर

+१. आमच्याकडे आकडा झपाट्याने चढताना दिसला तर डॉक्टर मर्यादेची वाटच बघत नाहीत, आधीच लेसर थांबवतात.

आणि मात्रेबद्दल एक भर घालतो. पट्टा ३० अंशांचाच असतो, पण भिंत फुग्याच्या मध्यापासून किती दूर आहे यावर त्याची मिलिमीटरमधली लांबी बदलते. जिथे प्रकाश भिंतीला भिडतो तिथला फुग्याचा व्यास २० मिलिमीटर असेल तर कमान सुमारे ५.२ मिलिमीटर, ३० असेल तर ७.९. वॅट तेच, पसरले मात्र दीडपट लांबीवर. फुगा शिरेत तिरका बसला असेल तर एकाच वर्तुळात एका बाजूला हे अंतर कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असतं. यंत्रावर ८.५ च दिसतात.


लयकारी

मी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या लयीचा डॉक्टर आहे. या धाग्यात खोलीवर खूप बोललं गेलं, डागांच्या ओळीत राहणाऱ्या फटींबद्दल कमी. माझ्या अनुभवात रुग्ण परत येतो तो बहुतेक वेळा दोन डागांच्या मधल्या फटीमुळे. वर्तुळ नव्वद टक्के उत्तम आणि एका जागी दोन मिलिमीटरची फट असली तर शिरेचा अलिंदाशी संबंध तुटलेला नाही. त्यामुळे रुंदी हे माप खोलीइतकंच महत्त्वाचं. डाग पृष्ठभागावर रुंद दिसतो आणि खाली निमुळता होत जातो. वर ३० टक्के चढलेले डाग भिंतीच्या मागच्या कडेला एकमेकांना नुसते स्पर्श करत असतील, किंवा तेही नाही. एंडोस्कोपमधून आपल्याला वरचा चेहरा दिसतो, तळ नाही. जाड भिंतीवर म्हणूनच मी पन्नास टक्क्यांच्या खाली जात नाही.

दुसरा सापळा सुजेचा. ऊती तापली की फुगते, आणि सुजलेला पण जिवंत स्नायू काही काळ संदेश वाहून नेत नाही. त्या क्षणी इलेक्ट्रोड सांगतो, शिर अलग झाली. सूज उतरल्यावर संदेश पुन्हा सुरू. शिवाय पहिल्या फेरीत अर्धवट काम झालं असेल तर दुसऱ्या फेरीला भिंत सुजून जाड झालेली असते, म्हणजे तीच मात्रा आता पुरत नाही. पहिल्याच फेरीत नीट डाग देण्यावर माझा भर असतो तो यासाठी. शेवटी वीस-तीस मिनिटं थांबून पुन्हा तपासणं आणि गरज वाटली तर ॲडेनोसिन हे औषध देऊन झोपलेली वाट जागी होते का ते बघणं, हे मी घाईतही सोडत नाही.

लेसर बलून कितपत चालतो हे विचारणाऱ्यांसाठी : २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत ३५३ रुग्ण होते. वर्षभरानंतर यशाचं प्रमाण लेसरला ६१.१ आणि रेडिओफ्रिक्वेन्सीला ६१.७ टक्के, म्हणजे तुल्यबळ. दुखापतींचं चित्र मात्र वेगळं निघालं. श्वासपटलाच्या नसेला इजा लेसरमध्ये ३.५ टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सीत ०.६. शिरा अरुंद होणं लेसरमध्ये शून्य, रेडिओफ्रिक्वेन्सीत २.९. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या बलूनला मान्यता मिळाली. नसेच्या आकड्याकडे मी डागाच्या आकाराचा प्रश्न म्हणूनच बघतो : उजव्या वरच्या शिरेत फुगा थोडा आत गेला की भिंत ताणून पातळ होते आणि नस जवळ येते. मग योग्य मात्राही तिथे जास्त ठरते.


साधाप्रश्न

६१ टक्के? म्हणजे दहातल्या चौघांना परत त्रास? थोडा घाबरलो.


लयकारी

@साधाप्रश्न, घाबरू नका, आकडा कसा मोजला ते समजून घ्या. अशा चाचण्यांमध्ये ठराविक काळानंतर थोडाच वेळ टिकलेला एक झटका नोंदवला गेला तरी ‘अपयश’ धरतात. आधी आठवड्यातून चारदा धडधडणाऱ्या माणसाला वर्षात एक छोटा झटका आला तर तो या हिशेबात अपयशी. त्याला स्वतःला विचाराल तर तो वेगळं सांगेल. पहिले दोन-तीन महिने डाग भरत असताना येणारे झटके धरत नाहीत, तेव्हा त्या काळात ठोके चुकले तरी लगेच निराश होऊ नका.

वडिलांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. अन्ननलिकेचं रक्षण कसं करणार, आणि ते स्वतः कोणती पद्धत सर्वांत जास्त वेळा करतात. हात बसलेली पद्धत हा माझ्या मते सर्वांत मोठा घटक आहे.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असू द्या. ॲब्लेशननंतर दोन-चार आठवड्यांनी, क्वचित दोन महिन्यांपर्यंत, ताप, गिळताना दुखणं, छातीत नवीन दुखणं, किंवा अचानक बोलणं अडखळणं किंवा हातपाय लुळे पडणं यांतलं काहीही झालं तर थांबू नका. थेट रुग्णालयात जा आणि ‘ॲब्लेशन झालं आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा वेळी छातीचा सीटी स्कॅन लागतो. तोंडातून दुर्बीण घालून हवा भरण्याची तपासणी आधी होऊ देऊ नका, भोक असेल तर ती हवा थेट हृदयात जाऊ शकते.


साधाप्रश्न

हे लिहून भिंतीवर लावतो. मनापासून आभार, डॉक्टर.


चुंबकसूची

मूळ प्रश्न ‘काय वाचता’ असा होता, म्हणून शेजारच्या क्षेत्रातलं सांगते. मेंदूत अपस्माराच्या केंद्रावर किंवा गाठीवर लेसर तंतू घालून डागतात. तिथे हाच प्रश्न जवळपास सुटलेला आहे. तंतू काचेचा, त्यात धातू नाही, म्हणून रुग्ण एमआरआयमध्ये असतानाच लेसर देता येतो. पाण्यातल्या प्रोटॉनची अनुनाद-वारंवारता तापमानाबरोबर सरकते, दर अंशाला दशलक्षात सुमारे ०.०१. त्यावरून दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा मिळतो. संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी तरंगलांबी यांनी सांगितलेली आरेनियसची बेरीज करत जातो आणि मेलेल्या ऊतीचा रंग पडद्यावर भरत जातो. नाजूक जागी खूण करून ठेवायची, तिथे ठरवलेलं तापमान आलं की लेसर आपोआप बंद. तंतूच्या टोकाजवळ दुसरी खूण, तिथे ९० अंशांच्या आसपास गेलं तरी बंद, म्हणजे कोळसा होत नाही.

म्हणजे मात्रा आधी ठरवण्याची गरजच उरत नाही. बघत बघत द्यायची.


काचतंतू

हृदय हलतं, हीच तर अडचण. ठोका आणि श्वास दोन्ही मिळून काही मिलिमीटर. भिंत स्वतःच २-३ मिलिमीटर, तिच्यात तापमानाचा नकाशा काढायचा तर प्रत्येक ठिपका मिलिमीटरच्या आसपास हवा.

त्यामुळे हृदयात प्रकाशानेच प्रकाशाचं काम तपासण्याचे प्रयत्न मला जास्त आशादायक वाटतात. जिवंत स्नायूतलं एनएडीएच नावाचं द्रव्य अतिनील प्रकाशात निळसर चमकतं आणि मेलेला भाग काळा दिसतो. कॅथेटरच्या टोकातून हे वाचता येतं आणि दोन डागांमधली फट थेट दिसते. पण अतिनील प्रकाश फार आत जात नाही, म्हणजे फट कळते, खोली थेट कळत नाही. परत आलेल्या अवरक्त प्रकाशातून मात्र खोलीचा सुगावा लागतो : स्नायू शिजला की तो पांढरट होतो, विखुरणं वाढतं, आणि मागे फेकला जाणारा प्रकाश बदलतो.

याच पांढरेपणाचा एक परिणाम विसरू नये. वरचा थर शिजला की त्यातून खाली जाणारा प्रकाश कमी होतो. म्हणजे डाग स्वतःच स्वतःची वाढ काही प्रमाणात रोखतो. पहिल्या काही सेकंदांत डाग झपाट्याने खोल जातो आणि मग मंदावतो, त्याचं एक कारण हे. या टप्प्यावर वॅट वाढवून खोली मिळवू पाहणं धोक्याचं आहे. वरचा थर काळा पडला तर खेळ संपला.


कॅथलॅबकर

आणि स्टीम पॉप?


तरंगलांबी

लेसरमध्येही होतो. पृष्ठभाग थंड ठेवला की सर्वांत तापलेली जागा पृष्ठभागावर राहत नाही, मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत सरकते. वर सगळं शांत दिसतं आणि आत पाणी उकळायला येतं. वाफेला वाट मिळाली नाही की ती ऊती फाडून बाहेर पडते. अलिंदाची पातळ भिंत असेल तर हृदयाभोवती रक्त साचू शकतं. थंडावा वाढवणं म्हणजे सुरक्षितता वाढवणं, असं सरसकट धरता येत नाही. थंडावा पृष्ठभाग वाचवतो आणि उष्ण बिंदू नजरेआड ढकलतो.

निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, हे जास्त जाणवतं. डाव्या निलयाची भिंत सेंटिमीटरभर जाड, लय बिघडवणारी वाट कधी तिच्या मधल्या थरात. तिथे खोली हवीच, आणि १९८० च्या दशकात शस्त्रक्रियेदरम्यान एनडी-याग लेसर वापरला गेला तो त्याच्या खोलीसाठीच. तिथे कमी वॅट आणि जास्त वेळ हा माझा कल आहे.


लयकारी

स्पंदित विद्युत क्षेत्राचा उल्लेख राहून गेला, तो करतो. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरपासून त्याची उपकरणं मान्य व्हायला लागली आणि एएफसाठी ती झपाट्याने पुढे गेली आहेत. उष्णतेवर न चालता ती पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात, अन्ननलिका त्यातून बरीच वाचते. लेसर बलूनचा वापर त्यामुळे कमी होईल. पण प्रकाश, उष्णता आणि ऊती यांबद्दल इथे जे लिहिलं गेलं ते मेंदू, यकृत, प्रोस्टेट यांच्या लेसर उपचारांत रोज लागतं.


पहिलंवर्ष

मी याच विषयावर संशोधन सुरू करतोय. प्रारूपातून आलेला डागाचा आकार खरा आहे हे प्रयोगशाळेत कसं पडताळतात?


तरंगलांबी

@पहिलंवर्ष, ताज्या हृदयाच्या तुकड्यावर ३७ अंशांच्या पाण्यात डाग द्या, वरून प्रवाह ठेवा. मग टीटीसी नावाच्या रंगद्रव्यात बुडवा. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. डागाच्या बरोबर मध्यातून काप घ्या. काप थोडा सरकला तरी खोली कमी येते, आणि ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते. माप तीन घ्या : पृष्ठभागावरची रुंदी, जास्तीत जास्त रुंदी आणि ती कोणत्या खोलीवर आहे, आणि एकूण खोली. फक्त खोली आणि वरची रुंदी लिहिणाऱ्या नोंदींवरून प्रारूप पडताळता येत नाही, कारण थंडावा असताना डाग मध्ये फुगलेला असतो.

प्रकाशीय गुणधर्म कच्च्या आणि शिजलेल्या स्नायूचे वेगवेगळे घ्या आणि गणना चालू असताना तापमानाप्रमाणे एकातून दुसऱ्यात जाऊ द्या. सुरुवातीला एकच आकडा धरून बघा, मग बदलता धरून बघा. दोन्ही आलेख इथे टाकलेत तर आपण सगळे मिळून बघू.